सरका

"हिला बोलता येत न्हाई, का बोलायचं न्हाई?"

माझ्या मागे बसलेली कोथिंबीरवाली शेजारणीला विचारत होती. आवाज दबका होता, पण धरण्याचा मांडवही लहान होता. मी मांडवाच्या कडेला, अर्धी उन्हात उभी होते. हातात चहाचा थर्मास आणि कागदी कपांची चळत. सतरंजीवर दोन बायांच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती. फक्त 'सरका जरा' म्हणायला हवं होतं, आणि ते मला जमत नव्हतं.

काकांनी मान वर न करता उत्तर दिलं. ते तिथंही फवारणीचा पंप घेऊन बसले होते, वायसर बदलत. "येतंय की तिला. पण कुणी इजाजत दिली न्हाई अजून. वाट बघायलीय."

बाया हसल्या. मीही हसले आणि उभीच राहिले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उभी होते. काकांना जाऊन आता दुसरा उन्हाळा आलाय, आणि अजूनही कधी कुठं गर्दीत उभी असले की ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. वाट बघायलीय.

काका माझे नात्यानं कुणी नव्हते. मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्याचे मालक. गावाचं नाव लिहीत नाही. परभणीहून एसटीनं तासाभरावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी बॅग घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. दार सताड उघडं, पंखा चालू, आणि एक उंच, वाळका म्हातारा जमिनीवर पंपाचे भाग मांडून बसलेला.

मी म्हणाले, "मे आय कम इन, अंकल?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या मागे पाहिलं, दुसरं कुणी आहे का ते. "दार उघडं हाय का?"

"हो."

"मग कुणाला विचारायलीस?"

मी शिकले त्या शाळेत वर्गात यायला, वर्गातून जायला, पाणी प्यायला, पेन्सिलीला टोक करायला विचारावं लागायचं, तेही इंग्रजीतून. मराठी शब्द तोंडून निघाला की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायची. बारा वर्षं विचारून विचारून ते वाक्य माझ्या अंगात मुरलं होतं. मी दारातच उभी राहिले. काकांनी पुन्हा पंपात डोकं घातलं. बऱ्याच वेळानं माझे हात भरून आले, तेव्हा मी आत गेले. त्यांनी न बघताच म्हटलं, "अन् अंकल म्हणू नको. काका म्हण. न्हाईतर काहीच म्हणू नको, तुला तेच सोपं जाईल."

त्यांच्या दाराला कडी नव्हती. होती ती त्यांनीच उपसून काढली होती. चौकटीत चार खिळ्यांची भोकं राहिली होती. कडी आली की ठोठावणं आलं, ठोठावणं आलं की इजाजत आली, असं त्यांचं गणित. बाकी गाव 'परवानगी' म्हणायचं, काका मुद्दाम निजामाच्या काळातला त्यांच्या वडलांचा शब्द वापरायचे. म्हणायचे, राजवट बदलली, शब्द बदलला, वाकायची सवय तीच राहिली.

घरात पाट्या होत्या. सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या, पत्र्याच्या, निळ्या-पांढऱ्या. काही भंगारवाल्याकडून घेतलेल्या. बाकीच्या कुठून आल्या ते मी विचारलं नाही. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' ही पाण्याच्या ड्रमचं झाकण होती. 'कामाशिवाय बसू नये' ही ओट्यावरच्या बाकड्याला ठोकलेली होती, आणि त्या बाकड्यावर सकाळपासून बिनकामाची चार माणसं बसलेली असायची. 'येथे थुंकू नये' तेवढी मात्र भिंतीवर नीट, सरळ लावलेली. तिच्याशी आपलं भांडण न्हाई, म्हणायचे.

एकेकाळी त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. एका वर्षी परवान्याच्या अर्जात 'आपण हा व्यवसाय का करू इच्छिता' असा रकाना आला. काकांनी त्यात लिहिलं, 'तुमाला काय करायचंय'. अर्ज परत आला, आणि त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. तेव्हापासून घरच्या ओट्यावर बिनपाटीचं पंप दुरुस्तीचं काम. तरुणपणी ते शेतकऱ्यांच्या चळवळीत होते. शेतमालाचा बाजार खुला करा, आम्हाला काही देऊ नका, फक्त मधे येऊ नका, असं म्हणणाऱ्यांच्या. त्यासाठी रस्त्यावर बसले, महिनाभर तुरुंगात राहून आले. त्यांचा एक ठरलेला विनोद होता, तो मी इतक्यांदा ऐकला की मला त्याची आधीच वाट बघायची सवय लागली. सरकारनं काय करावं ते त्याच्या नावातच सांगितलंय: सरका. बाजूला व्हा. "पण त्याला मागून एक र जादा लागलाय, तितून सगळा घोळ."

एसटीत ते म्हाताऱ्यांचं सवलतीचं तिकीट घेत नसत. कंडक्टर म्हणायचा, काका, तुमचं अर्धं हाय. काका उभे राहायचे, आपल्या पायांपासून डोक्यापर्यंत हात फिरवायचे आणि विचारायचे, "अर्धा कुठून दिसायलोय मी तुला?" माझ्या अर्ध्या तिकिटाबद्दल मात्र कधी बोलले नाहीत. मला एकदा फार अवघडल्यासारखं झालं आणि मी त्यांच्यासोबत असताना पूर्ण तिकीट मागितलं, तर चिडले. माझं बघून करू नको, म्हणाले, तुझं तू ठरव.

बाई त्यांच्या अगदी उलट होत्या, आणि काकांबद्दल लिहायचं तर बाईंबद्दल लिहावंच लागतं. त्या परभणीजवळच्या पिंगळी गावच्या. आयुष्यभर अंगणवाडीत काम केलेलं, आणि त्याहून जास्त काळ शेतमजूर बायांची, भाजीवाल्यांची संघटना चालवलेली. बुटक्या, रुंद, गळ्यात लाल रुमाल. काका म्हणायचे, ह्या बाईला सरकार रात्रंदिवस घरात पाहिजे. बाई म्हणायच्या, ह्या माणसाला ते गावातच नको, तेबी पोटभर जेवल्यावर.

त्या दोघांची पहिली भेट काकांच्याच शेतात झाली होती. काकांची जमीन पिंगळीच्या शिवारात. एका सुगीला बाईंनी खुरपणाऱ्या सगळ्या बाया उठवल्या आणि रोजची मजुरी वाढवून द्या म्हणून त्यांच्या बांधावर बसवल्या. काका घरून आले, बांधावर समोर बसले, आणि दुपारपर्यंत तिथल्या तिथं रोज वाढवून मोकळे झाले. अट एकच, की तहसीलदाराकडं दरखास्त न्यायची नाही. बाई हा किस्सा सांगताना म्हणायच्या, "लय चिक्कू होता, पण ऐकून घेतलं." काका म्हणायचे, "न विचारता बांधावर येऊन बसल्या. तेवढं आवडलं मला."

एकदा आम्ही तिघं परभणीहून एकाच एसटीनं आलो. आमच्याकडे बस लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. काकांना या रुमालाचं भारी कौतुक. त्याला ना शिक्का ना हुकूम, तरी सगळे मानतात. जगात एवढाच एक खरा कायदा हाय, असं ते मला सांगत होते. तेवढ्यात बाईंनी पुढच्या सीटवरचा कुणाचा तरी रुमाल उचलला, घडी करून दांडीला बांधला आणि तिथं एका लेकुरवाळीला बसवलं. रुमालवाला वर चढून ओरडायला लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "रुमालाचे पाय दुखत न्हाईत, दादा." काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग पुटपुटले, "तेबी खरंच हाय." मी नेहमीप्रमाणे दांडीला धरून उभी होते. माझ्या शेजारच्या सीटवर तिघांच्या जागेत दोघं ऐसपैस बसले होते.

मग ती नोटीस आली.

स्टँडसमोरच्या रस्त्यावर, भिंतीच्या कडेनं, भाजीवाल्या बसायच्या. कोथिंबीरवाली विजेच्या खांबापाशी. त्या जागी तिच्याआधी तिची सासू बसायची, सासूच्या आधी तिची सासू. नगरपरिषदेनं गावाच्या दुसऱ्या टोकाला गाळे बांधले होते. सगळ्यांनी ओळखपत्र काढावं, गाळ्यासाठी अर्ज करावा, रस्ता मोकळा करावा. त्या टोकाला कोण कोथिंबीर घ्यायला जाणार होतं ते नोटिशीत नव्हतं.

बाई त्याच दिवशी आल्या. काका ओट्यावर, बाई उंबऱ्यात, दोघं दाराच्या दोन बाजूंना टेकून बसले आणि निवेदनाच्या पहिल्याच ओळीवर अडले. मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते.

बाईंना लिहायचं होतं, बायांना त्यांची हक्काची जागा लेखी द्या. काका म्हणाले, द्या म्हटलं की जागा त्यांची झाली. ती त्यांची हायच कुठं?

"लिहून घेतलं न्हाई तर उद्या उठवतेल," बाई म्हणाल्या.

"अन् लिहून दिलं की उठवायचा कागद बी त्येंच्याच कपाटात."

"मग तुमी काय म्हणताव? मोकळं सोडा? मोकळं सोडलं की बाहेरचा मोठा व्यापारी चार गाड्या लावून तिथंच बसंल. तिच्या जुडीचं काय होईल त्याच्यापुढं? तुमची मोकळीक कुणाची हो, भाऊ?"

हातातला पान्हा खाली ठेवून काका म्हणाले, "ह्याचं उत्तर न्हाई माझ्याकडं." असं सरळ म्हणणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बाईंनाही ते अनपेक्षित असावं. त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, कागदावर माझा बी लय भरवसा न्हाई. पण हातात कागद नसला की बाई नुसती भांडखोर ठरती.

मला जिन्यावर बसून तेव्हा एवढंच कळलं की दोघांना राग एकाच माणसाचा होता, शिक्का मारणाऱ्याचा. काकांना तो शिक्का मोडायचा होता, बाईंना तो बायांच्या हातात द्यायचा होता. आणि शिक्का मात्र तिसरीकडेच होता, नगरपरिषदेतल्या साहेबांच्या खोलीत.

तेवढ्यात कोथिंबीरवाली आली. डोक्यावर भरलेली पाटी, आणि दारात हे दोघं. "सरका की वो दोघं बी. पाटी जड झालीय."

दोघं दोन बाजूंना सरकले. ती मधून आत आली, पाटी उतरवली, ड्रमवरची ती दुसरी पाटी उचलून पाणी प्यायली. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काकांकडे पाहिलं.

"हेच," काका म्हणाले.

"हेच," बाई म्हणाल्या.

काकांना त्यात 'बाजूला व्हा' ऐकू आलं होतं आणि बाईंना 'बायांना जागा करा'. शब्द एकच होता, आणि कुणी कुणाला त्याचा अर्थ विचारला नाही.

मला हाक मारून लिहायला बसवलं. 'नम्र विनंती' काकांनी खोडायला लावलं, कायद्याचं कलम बाईंनी घालायला लावलं. शेवटी मोठ्या अक्षरांत: आमची एकच मागणी – सरका. बॅनरचा मजकूर मी फोनवरून फ्लेक्सवाल्याला पाठवला. मी मराठी इंग्रजी अक्षरांनी टाइप करते. फोन शब्द सुचवतो, मी दाबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेसमोर मांडव लागला, बॅनर चढला, आणि सगळ्यात आधी तो वाचला नगरपरिषदेच्या एका कारकुनानं. तो सायकलवरून उतरून हसायला लागला. आम्ही वर पाहिलं. 'आमची एकच मागणी – सरकार'.

आणि त्याच्या बरोबर खाली काका बसलेले.

फ्लेक्सवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मला जसं आलं तसं छापलं, आणि खिशातून फोन काढायला लागला. 'मी केलं' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. काकांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. एकच अक्षर जादा हाय." पंपाचे वायसर कापायचं ब्लेड घेऊन ते स्टुलावर चढले आणि शेवटचा र चौकोनी कापून काढला. बॅनरला खिडकी पडली. तिच्यातून समोरच्या नगरपरिषदेचं दार दिसायला लागलं.

खाली उतरून तो र त्यांनी माझ्या हातात दिला. "ठीव. लागला तर परत लावू."

"लागंलच," बाई म्हणाल्या.

चूक कुणाची ते काकांना माहीत होतं. ते मला कधी बोलले नाहीत, आणि मीही नाही.

मांडव बरेच दिवस चालला. सकाळच्या पाळीला काकांच्या जुन्या चळवळीतले चार-पाच शेतकरी यायचे, दुपारी बाईंच्या बाया. पहिले दोन दिवस ते सतरंजीच्या दोन टोकांना बसले. मग कुणी भाकरी आणली, कुणी ठेचा, आणि टोकं राहिली नाहीत. भांडणं मात्र राहिली. खतावरची सवलत असावी की नसावी यावरून एकदा दोघा म्हाताऱ्यांनी आणि बाईंनी एवढा आवाज केला की समोरचा पोलीस बघायला आला. तेव्हा तिघंही एकदम त्याच्यावर ओरडले.

एका दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी चार जणांना बोलावलं. काका, बाई, कोथिंबीरवाली, आणि मी. कारण नियमांचा कागद इंग्रजीत होता. वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दारावर तीच ओळ, परवानगीशिवाय आत येऊ नये, आता प्लास्टिकच्या पाटीवर. काका जिन्यानं दमले होते म्हणून मी पुढे होते. मी दाराशी पोचले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मे आय कम इन, सर?"

आतून, मान वर न करता, उत्तर आलं. "थांबा पाच मिनिटं."

आम्ही बाकड्यावर बसलो. बाई म्हणाल्या, विचारलंस ना, आता बस. तासाभरानं शिपायानं सांगितलं, साहेब दुसऱ्या दारानं परभणीला मीटिंगला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेचा ट्रॅक्टर आला आणि कोथिंबीरवालीची खांबापाशी ठेवलेली पाटी, तराजू, बसायचं पोतं उचलून घेऊन गेला. ती घरी पाणी भरायला गेली होती. परत आली तेव्हा खांब होता, बाकी काही नव्हतं. ती रडली नाही. त्या जागेवर उभी राहिली, बसली नाही, कारण बसायला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी काकांसमोर जाणं टाळलं. वर जाताना त्यांनी हाक मारली. मी जिन्यात थांबले. ते म्हणाले, "मी जेलातून सुटलो ना, त्या दिवशी मोठं दार उघडं होतं. मी दारात थांबलो. शिपाई म्हणला, जा की. तरी मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा. एकाच महिन्यात, बघ. तुझी तर बारा वर्षं हायत."

एवढंच. पुन्हा पंपात डोकं. मी वर गेले आणि पहिल्यांदा त्यांच्या दाराच्या चौकटीतल्या चार भोकांचा अर्थ मला लागला.

पुढच्या सकाळी काका खांबापाशी जाऊन बसले. मांडवात नाही, खांबापाशी, कोथिंबीरवालीच्या जागेवर, दोन पंप आणि ब्लेड घेऊन. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या जागेवर बसलोय, म्हणाले, तिची राखायला. बाई आल्या, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारी फतकल मारून बसल्या. मग एकेक करून सगळ्या. ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग उतरून हात जोडून म्हणाला, "काका, सरका ना."

"ते आमचं वाक्य हाय," काका म्हणाले. "तू तुझं शोध."

बाया इतक्या हसल्या की ड्रायव्हरही हसला. थोडा वेळ उभा राहिला आणि ट्रॅक्टर मागे घेऊन गेला. कोथिंबीरवालीचा तराजू आठवड्यानं परत मिळाला. लेखी काही आलं नाही. ओळखपत्रं निघाली नाहीत, नोटीस मागे घेतली नाही, पण कुणी उठवायलाही आलं नाही. काका म्हणाले, जितलो. बाई म्हणाल्या, अर्धं. दोघांनी त्यावरही अर्धा तास घालवला.

मी आणखी एक वर्ष तिथं होते. मग परभणीत नोकरी मिळाली. जायच्या दिवशी बॅग घेऊन खाली उतरले. दार उघडंच होतं. "येते, काका," मी म्हणाले.

त्यांनी पंपाचा दांडा हलवायचं थांबवलं नाही. "विचारायलीस का सांगायलीस?"

"सांगतेय," मी म्हणाले, पण इतकं हळू की ते पंपाच्या आवाजात गेलं. त्यांना वाटलं असेल, मी काही बोललेच नाही. ते गेल्याचं मला बाईंनी फोनवर कळवलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. मी सांगितलं होतं, आणि त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मध्यंतरी एकदा त्या घरावरून गेले. काकांच्या पुतण्यानं ते क्लासवाल्यांना दिलंय. दाराला नवी कडी आहे, बेल आहे. ओट्यावरचं बाकडं नाही. आत पाण्याचा ड्रम असेल का, आणि त्यावर झाकण काय असेल, हे मला फार बघावंसं वाटलं. समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी होते. बेल वाजवावी लागली असती, म्हणून परत आले.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. नवे साहेब आलेत, नवी नोटीस आहे, या वेळी मुदत सात दिवसांची. कोथिंबीरवालीनं विचारलंय, ती मुकी पोरगी येईल का. आज साहेबांनी अकराची वेळ दिली होती.

सकाळी परभणीच्या स्टँडवर पोचले तेव्हा बस भरलेली होती. बाई पिंगळीहून आधीच येऊन बसल्या होत्या. पहिल्यापेक्षा बारीक झालेल्या, हातात काठी. त्यांच्या शेजारच्या सीटवर लाल रुमाल टाकलेला होता. मी त्या रुमालाकडे बघत राहिले.

"बघतीस काय," बाई म्हणाल्या. "आज टाकला. त्येच्या नावानं. बस."

वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, तो असता तर कागदावरून भांडला असता, आता भांडायला बी कोणी न्हाई. मी पर्समधून तो फ्लेक्सचा चौकोनी तुकडा काढून त्यांना दाखवला. कडा जरा मुडपल्या होत्या. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"हा मीच टाकला होता," मी म्हणाले. "बॅनरवर."

"ठाव हाय," बाई म्हणाल्या आणि परत दिला. "ठीव. आज लागंल का बघू."

नगरपरिषदेचा जिना तोच. कोथिंबीरवाली वर आमची वाट बघत उभी होती, ओटीत नोटीस धरून. दारावर तीच पाटी, दार तसंच अर्धवट उघडं. आत पंखा फिरत होता आणि कुणीतरी फोनवर बोलत होतं. दारात मात्र शिपाई उभा होता, चौकटीवर हात टेकून, वाट अडवून. बाई काठी टेकत माझ्या मागे येत होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"विचारलंय का आत?" शिपाई म्हणाला.

माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, इंग्रजीतलं, चार शब्दांचं. ते मला ओठांवर जाणवलं. मी ते गिळलं. दार उघडं होतं.

"सरका," मी म्हणाले.